बर्फाच्या पेटीतलं औषध

मृणालीला मधुमेह असल्याचं कळलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे २००१ च्या फेब्रुवारीत, शाळेची सहल निघाली आणि वर्गाच्या बाईंनी तिच्या आईला, हेमाला, बाजूला घेऊन सांगितलं, "मृणालीला नका पाठवू. इंजेक्शनं, खाण्याच्या वेळा, वाटेत काही झालं तर आम्ही काय करायचं?" हेमाला ते पटलं. घरी येऊन तिने मृणालीला सांगितलं. पोर रडली नाही. भूगोलाचं पुस्तक काढून ती चित्रांवर पेन्सिलीने खुणा करत बसली. तळं, जंगल, धबधबा. जन्मल्यापासून तिने समुद्र पाहिला होता, अगदी दारातून दिसायचा तो. पण पलीकडचा काठ दिसतो असं पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं.

त्या खुणा तिच्या वडिलांनी पाहिल्या. सदानंद शिवलकर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या एका बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. गेली वीस वर्षं पहाटे जाऊन कॉम्प्रेसर सुरू करायचा, लाद्या निघाल्या की ट्रॉलरवाल्यांना मोजून द्यायच्या, हे त्याचं काम. बोलायला कमी, पण हाताला चैन नसलेला माणूस.

"तिला कोण नेत नाही ना? मग आपण घरच घेऊन जाऊ," तो हेमाला म्हणाला.

हेमाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतोय. पण पुढच्या रविवारी तो एक जुना टेम्पो घेऊन आला. पूर्वी त्यातून बेकरीचा माल जायचा. आत अजून पावाचा वास होता. अडीच महिने सदानंद संध्याकाळी त्याच्या मागे लागला. दोन्ही बाजूंना फळ्यांचे बाक केले, ते रात्री जोडले की पलंग व्हायचा. छताला पाण्याची टाकी बसवली, कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी, खिडक्यांना जाळी. मृणाली शाळेतून आली की ब्रश घेऊन रंगाला बसायची. आळीतली माणसं येऊन बघून जायची. कुणी हसायचं, कुणी आत बसून बघायचं.

हेमाची काळजी एकच होती. "मे महिन्यात इन्सुलिन टिकेल कसं? डॉक्टरांनी थंडच ठेवायला सांगितलंय."

"बर्फाची काळजी तू मला सांगतेस?" सदानंद हसून म्हणाला.

कारखाना दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद राहणार होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ते तिघं निघाले. निघायच्या सकाळी सदानंदने पेटी भरली. मासे नेतात तसली, थर्माकोलची, बाहेरून पत्रा मारलेली. खाली फोडलेला बर्फ, मध्ये स्टीलचा डबा, डब्यात इन्सुलिनच्या तिन्ही बाटल्या, वर पुन्हा बर्फ. मग त्याने खड्या मिठाची पुडी फोडून बर्फावर पसरली.

"हे कशाला?" हेमाने विचारलं.

"मिठाने गारवा वाढतो. नुसत्या बर्फापेक्षा कितीतरी जास्त."

कारखान्यातल्या टाक्यांमध्ये मिठाचंच पाणी असतं, त्यातच डबे बुडवून लाद्या गोठवतात, हे हेमाला ऐकून माहीत होतं.

हातखंब्याला वळून ते पालीवरून आत शिरले तेव्हा मृणाली पुढे दोघांच्या मध्ये बसली होती. दुपारी एका आंब्याच्या झाडाखाली गाडी लावून हेमाने भाकरी केली. जेवणं वेळेवर झाली, झोप झाली, घरच्यासारखंच सगळं. हेमाला पहिल्यांदाच वाटलं की हे जमेल.

संध्याकाळी इंजेक्शनच्या वेळी तिने डबा उघडला. बाटल्यांवर पांढरं हिम साचलं होतं. तिने रोजच्यासारखी बाटली दोन्ही तळहातांमध्ये धरून घोळवली. आत औषध दाटसर, शहाळ्यातल्या मलईसारखं हलत होतं. थोडा वेळ हातात धरल्यावर ते पातळ झालं.

"बघ कसं गार राहिलंय," सदानंद म्हणाला.

हेमाने सिरिंज भरली आणि मृणालीच्या दंडात सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी ते मार्लेश्वरला गेले. मेमध्ये धबधब्याची धार बारीक होती, पण होती. मृणाली खालच्या खडकावर उभी राहून मान वर करून बघत राहिली. "एवढ्या वरून पडतं आणि संपत नाही," ती म्हणाली. पायऱ्या उतरताना तिने तीनदा पाणी मागितलं. ऊन होतं, सगळ्यांनाच तहान लागली होती. संध्याकाळी हेमाने लघवीची पट्टी तपासली तेव्हा ती हिरवी झाली. साखर वाढली होती. प्रवास, वेगळं खाणं, होतं असं कधीकधी. तिने दोन युनिट वाढवून दिली.

तिसऱ्या दिवशी त्यांना तळं सापडलं. देवरुखच्या पलीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, कच्च्या रस्त्याने आत गेल्यावर जंगलात एक जुना बांध होता आणि त्याच्यामागे पाणी. उन्हाने पाणी मागे हटलं होतं, काठाचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. सदानंदने उतरून पायाने जमीन दाबून पाहिली, कडक होती. त्याने टेम्पो अगदी पाण्याजवळ नेऊन उभा केला, दरवाजा तळ्याकडे करून.

मृणाली बाकावर बसून पाणी बघत होती. पण तिच्यात काल होता तो हुरूप नव्हता. दर अर्ध्या तासाने लघवीला जायची, येऊन तांब्याभर पाणी प्यायची, पुन्हा आडवी व्हायची.

"आवडलं ना गो तळं?" सदानंदने विचारलं.

"आवडलं. उद्या बघू का नीट?"

पट्टी आता तपकिरी झाली. हेमाने आणखी चार युनिट दिली. तासाभराने पुन्हा पट्टी बुडवली, तपकिरीच. रात्रभर ती मृणालीच्या पायथ्याशी बसून राहिली.

सकाळी मृणालीला उलटी झाली. मग दुसरी. पाणी प्यायली तर तेही पडलं. सदानंद म्हणाला, कालची मच्छी बाधली असेल. हेमाने मुलीच्या तोंडाजवळ नाक नेलं. श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. श्वासही नेहमीचा नव्हता. खोल, जोरात, धावून आल्यासारखा, आणि पोर तर पडून होती. दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं होतं तेव्हा असाच वास होता, असाच श्वास.

"औषध लागू पडत नाहीये," हेमा म्हणाली.

तिने तिन्ही बाटल्या काढून उजेडात धरल्या. जे औषध हलवलं की दुधासारखं एकसारखं व्हायला हवं, त्यात बारीक पांढरे कण तरंगत होते. काचेला आतून साय धरावी तसा थर चिकटला होता. तिन्हीत तेच. तिला डॉक्टरांचं दोन वर्षांपूर्वीचं वाक्य आठवलं. फ्रीजमध्ये ठेवा, पण फ्रीजरमध्ये नको, गोठलं की ते औषध राहत नाही. त्यांनी ते घरात काटेकोर पाळलं होतं. पेटी म्हणजे फ्रीजर असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

"हे गोठलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मी तीन दिवस हिला पाणी टोचतेय."

सदानंद बाटलीकडे बघत उभा राहिला. मिठाचं पाणी शून्याच्या खाली किती अंश जातं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. वीस वर्षं तो त्याच काट्यावर नजर ठेवून बसला होता.

"मीठ मी घातलं," तो म्हणाला.

"गाडी काढा."

त्याने गाडी चालू केली, गिअर टाकला, आणि मागची चाकं जागेवरच फिरली. वरचा कडक पापुद्रा फुटून खालचा ओला गाळ वर आला. त्याने पुढे-मागे केलं. चाकं आणखी आत गेली. उतरून त्याने दगड आणून चाकांखाली घातले, बाकांच्या फळ्या उचकटून घातल्या. दर वेळी इंजिन किंचाळायचं आणि गाडी बोटभर अजून खाली बसायची. तो पुन्हा फळी उचलायला वाकला तेव्हा हेमाने त्याचा खांदा धरला.

"ठेवा ते. चला. हिला उचला."

त्याने मृणालीला पाठुंगळीला घेतलं. हेमाने एका हातात पाण्याची बाटली घेतली, दुसऱ्या हाताने पोरीची मान सावरली. काल येताना दोनेक किलोमीटरवर एक वाडी लागली होती. सकाळचे साडेआठ झाले होते आणि ऊन आताच अंगाला भाजत होतं. रस्ता चढाचा. मृणालीचा श्वास सदानंदच्या कानाशी होता, भात्यासारखा. तो पावलं मोजायला लागला आणि शंभरच्या पुढे गेला की पुन्हा एकपासून सुरू करायचा. मध्येच ती पुटपुटली, "पप्पा, तळं राहिलं."

"राहू दे. पुन्हा येऊ."

"तुम्ही पडाल."

"नाही पडत."

वाडी म्हणजे सात-आठ घरं. पहिल्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी कोकमं सुकायला पसरत होती. तिचं नाव यमुनाबाई, हे त्यांना मागून कळलं. तिने मृणालीचं तोंड बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"काय झालंय पोरीला?"

"डॉक्टर पाहिजे, लगेच," हेमा म्हणाली. "गाडी आहे का कुणाची? फोन?"

"गाडी नाय. फोन खालच्या गावाला, सडकेवर. बापयमाणसं सगळी लग्नाला गेलीत, काल सांजचे." तिने आत तोंड करून हाक मारली, "गंगू, मैना, या गो. कांबळं घेऊन या."

गंगुबाई चाळिशीची, उंच, काटक. मैना तिची भावजय, पंचविशीची. अजून दोघी आल्या. कुणी काही विचारलं नाही. पडवीच्या आढ्यावरून एक जाड बांबू काढला, घोंगडीची दोन्ही टोकं त्याला आवळून बांधली, आणि झोळीत मृणालीला निजवलं. पावसाळ्यात बाळंतीण अशीच खाली न्यायची, त्यामुळे त्यांचे हात सवयीचे होते.

सदानंदने बांबूला हात घातला तेव्हा गंगुबाई म्हणाली, "तुमी मागून या. तुमचे पाय लटपटतायत. पाडाल."

खरंच लटपटत होते. तो बाजूला झाला.

सडक जवळच्या पायवाटेने पाच किलोमीटरवर होती, वाट उताराची, दगडधोंड्यांची. दोघी पुढे-मागे डोली धरायच्या आणि थोडं अंतर गेलं की न थांबता खांदा बदलायच्या. हेमा डोलीच्या बाजूने पळत होती. दर काही पावलांनी ती मृणालीच्या ओठांना ओला पदर लावायची आणि हाक मारायची. आधी उत्तर यायचं. मग नुसतं हुं यायचं. करवंदीच्या एका मोठ्या झुडपापाशी हाकेला काहीच आलं नाही.

"मृणू. ए मृणू. डोळे उघड."

श्वास चालू होता, तोच खोल, वेगाचा. डोळे अर्धवट उघडे होते आणि ते कुणाकडे बघत नव्हते.

हेमाचे पाय थांबले. तिच्या मनात स्पष्ट आलं की ही आता जाणार, इथेच, या पायवाटेवर, आणि आपण तिला स्वतःच्या हाताने इथे आणलं. ती खाली बसली. सदानंद तिच्याजवळ आला तेव्हा तिने त्याला ढकललं. जोरात, दोन्ही हातांनी. तो दगडावर आपटला, कोपर सोलपटलं. तो उठला आणि डोलीमागे चालू लागला. त्याला तिच्याकडून काहीही चाललं असतं.

गंगुबाईने पुढून मागे न बघता ओरडून सांगितलं, "बाय, बसू नको. पोरगी दम घेतेय अजून. तुझा आवाज तिला पायजे. हाक मार."

हेमा उठली आणि हाका मारत धावली. उरलेल्या सगळ्या वाटेवर ती हाका मारत होती. शेवटी तिचा आवाज बसला तेव्हा मैनाने हाका मारायला सुरुवात केली, ज्या पोरीला ती तासापूर्वी ओळखतही नव्हती तिच्या नावाने.

सडकेवर पोचायला सव्वा तास लागला. सडक रिकामी होती. एक ट्रक हात दाखवूनही न थांबता गेला. दुसरी आली ती माणसांनी भरलेली जीप, तिच्या टपावरही माणसं. सदानंद सडकेच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्यानंतर बँडवाल्यांचा टेम्पो आला, लग्न आटपून देवरुखला परत चाललेला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला आणि शिवी देण्यासाठी तोंड उघडलं, मग त्याला डोली दिसली. दोन मिनिटांत बँडवाल्यांनी ढोल उतरवून सडकेच्या कडेला ठेवले आणि मृणालीला फळीवर निजवलं. वाडीवरच्या बायकांना वर घ्यायला जागा नव्हती. गंगुबाईने नुसता हात हलवला, जा म्हणून.

देवरुखात ज्या डॉक्टरांकडे बँडवाल्यांनी नेलं ते जेवायच्या तयारीत होते. हेमाने मोडक्या आवाजात सांगितलं, "मधुमेह आहे. इन्सुलिन गोठून खराब झालं. तीन दिवस." तेवढं पुरलं. त्यांनी हाताला सलाईन लावलं, स्वतःच्या फ्रीजमधून बाटली काढून इन्सुलिन दिलं, आणि अर्ध्या तासाने आपल्याच गाडीत घालून रत्नागिरीला निघाले. एका हातात सलाईनची बाटली उंच धरून सदानंद मागे बसला होता. दीड तासात त्याने तो हात एकदाही खाली आणला नाही.

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात दोन दिवस मृणाली शुद्धीवर नव्हती. पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आत्ताच काही बोलता येणार नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. हेमा आणि सदानंद बाहेरच्या बाकावर बसून होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. नातेवाईक येत होते, डबे आणत होते. कुणी म्हणालं, असली खटपट करायचीच कशाला. सदानंदने मान हलवली.

दुसऱ्या संध्याकाळी गर्दी कमी झाल्यावर हेमा बोलली. आवाज अजून घोगरा होता.

"तुमचा दोष नाही असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नको."

"तुम्हाला माहीत होतं किती गार होतं ते."

"होतं. पण औषध आणि बर्फ मी एकत्र धरून कधी विचारच केला नाही. फक्त गारवा जास्त झाला तर बरं, एवढंच. मला तिला तळं दाखवायचं होतं."

"बाटलीवर हिम मी बघितलं," हेमा म्हणाली. "माझ्या हातात ते घट्ट लागलं. मी डॉक्टरांचं ऐकलेली बाई. तरी मी टोचलं. मला त्या दिवशी वाटत होतं की सगळं छान चाललंय, ते मोडायचं नव्हतं. मी तुम्हाला ढकललं ते मात्र मी मागे घेणार नाही."

"नको घेऊ," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मृणालीने डोळे उघडले आणि नर्सला विचारलं की ही कुठली खोली. मग तिला आईची ओळख पटली. वडील आत आले तेव्हा ती त्यांच्या बांधलेल्या कोपराकडे बघून म्हणाली, "पडलात ना?" त्यानंतर अकरा दिवसांनी तिला घरी सोडलं. चालताना ती अजून भिंतीला हात लावायची, आणि डॉक्टर म्हणाले ते हळूहळू जाईल.

मेच्या अखेरीस सदानंद एकटाच एसटीने देवरुखला गेला. कारखान्यातल्या ओळखीच्या एकाच्या भावाचा ट्रॅक्टर घेऊन तो वाडीवर पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. आठवड्याभरात टेम्पो काढला नाही तर पावसाने तळं त्याच्यावरून भरणार होतं. पण तो तळ्यावर आधी गेला नाही. यमुनाबाईच्या ओट्यापाशी ट्रॅक्टर थांबवायला सांगून तो खाली उतरला.

यमुनाबाई फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. गंगुबाई आणि मैना विहिरीवरून आल्या आणि त्याला बघून कळशा डोक्यावरच ठेवून उभ्या राहिल्या.

"घरी आली," सदानंद म्हणाला.

गंगुबाईने कळशी उतरवली. "जेवते?"

"जेवते."

"बोलते?"

"बोलते. आधीपेक्षा जास्त."

"मग आणायची नाय का सोबत," गंगुबाई म्हणाली. "आमी एवढी नेली, तिने आमाला बघितलंदेखील नाय."

सदानंदने बोलायला तोंड उघडलं. रत्नागिरीपासून येताना त्याने काय म्हणायचं ते ठरवलं होतं, नीट, एकेक वाक्य. ते काही आठवेना. तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. मैना पाणी आणायला आत गेली. ट्रॅक्टरवाला तोंड फिरवून उभा राहिला. यमुनाबाईने सदानंदला उगी म्हटलं नाही. ती त्याच्या शेजारी बसून आठळ्या सोलत राहिली.